वाघमारे सरांचं दुखणं

कुणी काही आरोप केला की वाघमारे सर कधी नाही म्हणायचे नाहीत. ‘समजा’ म्हणायचे. पालक भांडायला आले, की तुम्ही आमच्या पोराला मुद्दाम नापास केलं, तर सर खुर्ची पुढं करून म्हणायचे, “समजा, केलं. आता त्याला भागाकार येत नाही, त्याचं काय करायचं?” भांडायला आलेला माणूस अर्ध्या तासानं पोरासाठी पुस्तक मागून घेऊन जायचा. गणिताच्या तासाला ‘समजा’ शोभतं. माणसाच्या अब्रूशी गाठ पडली तेव्हाही सरांनी तोच शब्द धरून ठेवला, आणि आम्हा जवळच्या माणसांना तो फार जड गेला.

हिमायतनगर तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही बरोबर होतो. ते गणिताला, मी मराठीला. शाळेच्या वाटेवरच देशी दारूचं दुकान होतं. दुपारच्या सुट्टीत पोरं आपल्याच बापाला झिंगलेला बघायची आणि परत वर्गात येऊन बसायची. गावातल्या बाया दुकान बंद करायचं म्हणून सरांकडं आल्या, तेव्हा सरांनी त्यांना पुढारी शोधून दिला नाही. कायद्यात काय आहे ते समजावलं. बायांचं मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली छापलेली असते, निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. अर्ज, सह्या, चकरा, सगळं बायांनी केलं. सर फक्त म्हणायचे, “तुमचं तुम्ही करा. मी चुकलं तिथं सांगतो.”

त्याच उन्हाळ्यात सरांच्या पोटात दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. माणूस गुडघे पोटाशी घेऊन लोळत होता. नांदेडला दवाखान्यात नेलं तर स्वादुपिंडाला सूज निघाली. पहिला प्रश्न सगळ्यांनी तोच विचारला, दारू किती घेता? सरांची बायको कमलताई सांगून दमल्या की यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. पुढं सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, एक खडा नळीत अडकून सूज आली होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. सूज उतरली की पित्ताशय काढून टाकू म्हणाले.

पण दवाखान्यातून गावात बातमी आली ती अर्धीच. स्वादुपिंड सुजलं, म्हणजे दारूचा आजार. दुकानवाल्याच्या माणसांना एवढं पुरे होतं. दारूबंदीचा मास्तर चोरून पितो, हे पारावर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं झालं. मी सरांना म्हणाले, डॉक्टरांचा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचून दाखवू. सर म्हणाले, “मॅडम, माझं पोट म्हणजे गावचा ठराव न्हाई.” कमलताई तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर सरांचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. अधूनमधून पोटात कळ यायची, मग शौचाला डांबरासारखी काळी व्हायची आणि सर पांढरेफटक पडायचे. एकदा फळ्यावर उदाहरण मांडता मांडता भिंतीला धरून खाली बसले. नांदेडला तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, जठरात जखम सापडली नाही. रक्त चढवलं, घरी पाठवलं. थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. रक्त कुठून जातंय ते कळत नव्हतं. सरांचा चेहरा मेणासारखा दिसू लागला होता आणि लोक म्हणत होते, बघा, दारूनं आतून खाल्लं.

मतदानाची तारीख लागली. त्याआधीच्या ग्रामसभेला सरांनी येऊ नये म्हणून कमलताईंनी हात जोडले. ते आले. समाजमंदिरासमोर मांडव घातला होता, बाया पहिल्यांदाच पुढं बसल्या होत्या. बोलणं चालू असताना मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिचा नवरा दुकानावर कामाला होता, तिला कुणी उठवलं असेल ते सगळ्यांना कळत होतं. ती म्हणाली, “सर, खरं सांगा. तुमी घेता का न्हाई?”

सगळे सरांकडं बघत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, खड्यांचं सांगा, एक वाक्य बोला.

सर टेबलाला धरून उठले. “समजा, मी घेतो,” ते म्हणाले. “रोज घेतो. मग तुझ्या लेकरासमोरचं दुकान चालू ठेवायचं का? मी चांगला असंल तर बंद करायचं अन् मी वाईट असंल तर उघडं ठेवायचं, असं हाय का ते? बाई, तू माझ्याकडं बघू नको. तुझ्या घराकडं बघ.”

ती बाई खाली बसली. कुणी टाळी वाजवली नाही. सरही बसले, आणि मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. सभा संपायच्या आत ते मांडवामागं गेले आणि त्यांना रक्ताची उलटी झाली.

मिळाली ती जीप घेऊन भोकरवरून नांदेड गाठलं. या वेळी डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन केला आणि कमलताईंना आणि मला पडद्यासमोर उभं केलं. प्लीहेला रक्त नेणारी धमनी वेटोळ्या दोरीसारखी दिसत होती आणि तिच्या कडेला एक पांढरा ठिपका लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाच्या रसानं धमनीची भिंत खाल्ली आहे. तिथून रक्त बाहेर येऊन फुगा झाला आहे. या फुग्याला स्वतःची भिंत नाही, आजूबाजूच्या मांसानं तो कसाबसा धरून ठेवलाय. तोच मधूनमधून स्वादुपिंडाच्या नळीत गळतो, म्हणून दुर्बिणीला काही दिसत नव्हतं. कमलताईंनी विचारलं, फुटला तर? डॉक्टर लगेच उपायावर आले. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून फुगा आतूनच बंद करता येतो, पण ते काम करणारे त्यांचे डॉक्टर नेमके परगावी होते. लातूरला एक डॉक्टर ते करत होत्या. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. थांबण्यात धोका होता आणि नेण्यातही. कमलताईंनी सही केली.

नांदेड ते लातूर या रस्त्यानं मी कितीदा तरी गेले असेन. त्या दिवशी मी त्यातला एकेक खड्डा मोजत होते. ॲम्ब्युलन्समध्ये सरांना रक्त चालू होतं. सोबतचे डॉक्टर सारखा रक्तदाब बघत होते आणि आकडा मोठ्यानं सांगत नव्हते. लोहा गेलं. अहमदपूरच्या अलीकडं सरांनी डोळे मिटले, डॉक्टरांनी रक्ताची पिशवी हातानं दाबून धरली आणि ड्रायव्हरला म्हणाले, आता थांबू नका. कमलताई सरांचे पाय चोळत होत्या. पाय गार पडले होते.

चाकूर मागं पडल्यावर सरांनी डोळे उघडले. कमलताईंकडं बघत राहिले आणि अगदी हळू बोलले, “तुला बोलतेत न् लोक? गिरणीवर, नळावर?”

कमलताई म्हणाल्या, “बोलतेत.”

“मी म्हणलं माझं पोट. तुझं तोंड बी त्यात हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.” दम खाऊन ते पुढं म्हणाले, “तुला खड्यांचं सांगायचं तर सांग. मी अडवणार न्हाई.”

त्यावर कमलताई पहिल्यांदा रडल्या. डॉक्टरांनी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं.

लातूरच्या डॉक्टर दारातच उभ्या होत्या. सरांना सरळ आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि ते दार उघडलं की आम्ही अर्ध्या उठायचो. कधी नर्स बाहेर यायची, कधी रक्ताची पिशवी घेऊन कुणी आत जायचं. शेवटी डॉक्टर स्वतः आल्या. धमनीत फुग्याच्या अलीकडं आणि पलीकडं बारीक तारेची वेटोळी बसवली, रक्ताची वाट बंद झाली, प्लीहेला दुसरीकडून थोडं रक्त मिळत राहील, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यानं निश्चिंत होऊ नका, अजून लक्ष ठेवावं लागेल, असंही म्हणाल्या. पण त्या बोलताना टोपी काढत होत्या. मला त्यावरूनच कळलं, की सर वाचले.

मतदान झालं तेव्हा सर लातूरलाच होते. मी गावी परतले होते. बाया रांगा लावून आल्या. आजारी सासवांना सुनांनी खुर्चीत बसवून आणलं. आडवी बाटली जिंकली. गुलालात माखलेल्या बायांच्या गर्दीतून मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, “उभ्या बाटलीला मतं पडली असतील. कुणी दिली ते हुडकू नका. मॅडम, त्या बायांना रात्री त्याच घरात झोपायचं असतंय.” इकडं दोघीतिघींनी नावं काढायला सुरुवातही केली होती. मी सरांचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला.

पुढं सरांचं पित्ताशय काढलं, ते परत शाळेत आले, निवृत्तही झाले. कमलताईंनी हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं बसतील तिथं खड्यांची आणि फुग्याची गोष्ट सांगितली. काहींना पटली, काहींना नाही.

गेल्या थंडीत सर झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. मयतीला सगळं गाव लोटलं होतं. अंगणात मी कमलताईंजवळ बसले होते. भिंतीपलीकडं दोन म्हातारे बोलत होते, माणूस देव होता, पण घ्यायचा म्हणतात थोडी. मी ताडकन उठले. कमलताईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

“म्हणू द्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. “दुकान बंद हाय न्.”