लॉइसच्या हाताचं पिस्तूल

लॉइस टॅकेट चिडली की तिच्या मानेवर तांबडे चट्टे उठतात. आमच्या ओक्लाहोमातल्या तळ्याकाठी ते चट्टे दिसले की कुत्रीसुद्धा बाकाखाली जातात. पण त्या रविवारी तिच्या भावाला, डेल्मरला, ते दिसले नाहीत. तो स्वतःवरच खूश होता.

लॉइसचं गळाच्या आमिषाचं दुकान. उजाडायच्या आत उघडायचं, एकटीनं. दिवसभर हात हौदात, आमिषाची बारीक जिवंत मासळी छोट्या जाळीनं, नाहीतर ओंजळीनं उचलून गिऱ्हाइकाच्या बादलीत टाकायची. वेन्डेल स्कॅग्ज चमचातोंड्या माशांची महागडी अंडी बंदी असताना चोरून विकायचा, त्याचं नाव हिनंच सरकारात सांगितलं. तो तुरुंगातून सुटून आला आणि पेट्रोलपंपावर चारचौघांत बोलला, "लॉइसच्या दुकानाला दार एकच आहे बरं का."

म्हणून डेल्मरनं बहिणीला पिस्तूल आणलं. आमच्याकडची ही जुनी खोड, बाईचं पिस्तूल पुरुषांनी निवडायचं. चर्चनंतरचं जेवण झालं, ॲपल पायच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या नेमासाठी कुंपणाला टांगल्या, अन् यानं रुमालातून ते काढलं. तळहातात मावेल एवढंसं.

"ताई, बघ! खिशात घातलं तर देवालाही दिसायचं नाही."

"चालवून पाहिलंस?"

"चालवायचं काय त्यात? बंदुकांच्या दुकानात आम्ही तिघा मित्रांनी खिशात घालून पाहिलं. हलकं आहे, बायकांसाठीच केलंय."

मी मधे बोललो, "डेल्मर, हलकं पिस्तूल हाताला जास्त हिसका देतं रे."

"काका, तुम्ही आपला ताटलीतला ॲपल पाय खा."

लॉइसनं नेम धरला. पहिल्या गोळीला पिस्तूल असं उसळलं की अंगठ्याजवळची कातडी सोलली. दुसरी मातीत गेली. तिसरी अडकली.

"पकड सैल आहे तुझी," डेल्मर म्हणाला.

झालं! चट्टे कानापर्यंत चढले. तिनं पिस्तूल रिकामं केलं, गोळीच्या खोबणीत बोट घालून खात्री केली आणि पाण्याच्या पिंपात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले.

"मी कामाला असते तेव्हा माझे हात असे असतात, गाढवा!" आणि गोळी चढवायला ओढतात तो पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढायला लागली. बोटं निसटली. परत निसटली. "आता तू ओढ. हात ओले करून."

डेल्मरनं ओढला. तोंड लाल, दात आवळलेले. अर्ध्यावर आला आणि सटकला. जेवायला आलेल्या बायका हसल्या.

"जीव माझा जायचाय, आणि तुम्ही खिसा बघत बसलात! वेन्डेलपासून लपवायचंय की वेन्डेलला थांबवायचंय?"

उत्तराची वाट न पाहता तिनं हात पुढे केला. "तुझं दे."

डेल्मरचं पिस्तूल मधल्या आकाराचं, जड, पोटाच्या वळीखाली कमरेला असायचं. कुरकुरत त्यानं रिकामं करून दिलं. लॉइसनं ओल्या हातानंच ते ओढून पाहिलं, मग गोळ्या भरल्या. थाळी कुंपणावर गरगरली. दुसरीही.

"ताई, ते माझं आहे!"

"तुला कोण मारायला येतंय?"

तिनं ते परत दिलंच नाही. सदऱ्याखाली फुगवटा दिसायचा. कुणी हटकलं तर म्हणायची, "दिसू दे."

त्याच आठवड्यात पहाटे वेन्डेल आला. मी कोपऱ्यात कॉफी पीत होतो. तो दारात उभा राहिला, आत येईना, बाहेर जाईना. लॉइसनं हौदातला डावा हात तसाच ठेवला. उजवा वर काढला आणि कमरेवर ठेवला. पाणी सदऱ्यावरून ओघळत होतं.

"मासळी हवी की गांडुळं? नाहीतर दार सोड."

वेन्डेलनं फुगवटा पाहिला, मग तिची मान पाहिली. "काहीच नको," म्हणाला आणि गेला.

मी कॉफीचा कप परत उचलला, तेवढ्यात डेल्मर आला, वेन्डेलला जाताना पाहून हसत. "बघ ताई, पिस्तूल आणायची अक्कल कुणाची?"

हौदातली जाळी त्याच्या डोक्यात बसली, मासळीसकट.