मागचे गायरानही दिसले पाहिजे

पालमजवळच्या गायरानात आता कोणीच मेंढरे चारत नाही, असे सरपंचांनी ग्रामसभेत सांगितले. तेव्हा तिथेच मेंढरे चारणाऱ्या कासाबाईंनी पुराव्याचा फोटो काढायला फोटोग्राफर शिवकुमारला आपल्या कळपापाशी नेले. त्याने लग्नातले फोटो काढायच्या सवयीने त्यांचा चेहरा स्पष्ट आणि मागचा कळप धूसर टिपला.

"मावशी, असाच फोटो शोभतो."

"मला काय नवरी व्हायचंय? मागचं गायरान दिसू दे."

"मग फोटो उमटायला जास्त वेळ लागंल. तवर मेंढरं हलता कामा न्हाईत."

"दुपार होऊ दे."

दुपारच्या उन्हात मेंढरे सावलीसाठी एकमेकींच्या पोटाखाली माना घालून स्तब्ध उभी राहिली. शिवकुमारने भिंगाचे छिद्र बारीक केले. कासाबाईंच्या सुरकुत्यांपासून टेकडीपर्यंत सारे स्पष्ट उमटले.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी, "नंतर बघू," म्हणत फोटो बाजूला सारला. कासाबाईंनी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"आत्ताच बघा. तवर मी हितून उठत न्हाई."