वंदनाचं टर्फेनाडीन

माझी बायको गेली आणि माझं शिक्षण अर्धवट राहिलं.

आज वर्ष झालं.

वंदना फार्मसी कॉलेजात फार्माकोलॉजी शिकवायची. मी पोस्टातला क्लार्क. आमच्या पवनीच्या घरात एक रिवाज होता. उद्या वर्गात जे शिकवायचं, ते आज संध्याकाळी मला शिकवायचं.

ह्यांना कळलं तर पोरांना कळणारच, असं तिचं म्हणणं. यात माझा अपमान आहे, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं.

मी तांदूळ निवडायचो, ती शिकवायची. कॉलेजात इंग्रजीतून. माझ्यापुढे मात्र तिच्या माहेरच्या, बपेऱ्याच्या बोलीत.

बाकी सगळी औषधं डोक्यावरून गेली. एकच टिकलं. टर्फेनाडीन. ॲलर्जीची गोळी, बाजारातून केव्हाच बंद झालेली.

"बंद पडलेली गोळी कायले शिकवून राहिली तू?"

"जे चुकलं तेच तं शिकवा लागते जी. आयका. आसगावले आपल्या वावरात धान चुरताना भुसा उडला का तुमी काहून शिंकता? अंगात हिस्टामिन सुटते. त्याले बसाले खुर्ची पाहिजे. तो बसला का शिंका सुरू. हे गोळी पयलेच खुर्चीवर जाऊन बसते. मंग तो उभाच राहते."

"अन् झोप?"

"जुन्या गोळ्या मेंदूत घुसत, म्हणून तुमी जेवता जेवता पेंगत होते. हे तिकडं जातच नाही."

"मंग एवढी गुणाची गोळी बंद काहून केली?"

इथे ती चष्मा काढायची. हा तिचा लाडका भाग.

गोळी पोटात गेली की लिव्हर तिचं दुसरंच औषध बनवतं, आणि खरं काम ते दुसरं करतं. पण सोबत नायट्याची एखादी गोळी किंवा काही अँटिबायोटिक्स घेतली, तर लिव्हरमधलं हा बदल करणारं एन्झाइम अडतं. मूळ गोळी रक्तात साचते. हृदयाचा ताल बिघडतो. शिंकांसाठी गोळी घेतलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

"मंग लिव्हर जे बनवत होतं, तेच सरळ गोळीत भरलं. फेक्सोफेनाडीन. तुमी खाता ते."

एकदा वर्गातही तिच्या तोंडून खुर्चीच निघाली. परीक्षेत काही पोरांनी आकृतीत रिसेप्टरच्या, म्हणजे हिस्टामिनच्या बसायच्या जागी चक्क खुर्ची काढली, पायांसकट. तिने मार्क दिले.

शेवटच्या आजारपणात कॉलेजात जाणं जमेना. तरी हे एक लेक्चर तिला घ्यायचंच होतं.

"एवढं एक घेऊ द्या जी. मंग झोप म्हणाल तं झोपीन."

पोरं आमच्या अंगणात येऊन बसली. ती बाजेवर, शाल पांघरून. छान बोलली. मध्येच एन्झाइमचं नाव आठवेना. पोरं खाली बघायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं.

मी दारातूनच म्हणालो, "सी-वाय-पी थ्री-ए-फोर."

किती हसली! नंतर तशी हसली नाही.

"पाहा रे, पोस्टमनले येते."

मी क्लार्क होतो. पण असू दे.

वंदना, तुझी फार आठवण येते गं. शिंक आली की जास्तच येते.

काल आसगावला शेतावर धान चुरणं, म्हणजे भाताची मळणी होती. शिंकून बेजार झालो. फेक्सोफेनाडीन घ्यायला गेलो, तर मेडिकलवाला म्हणाला, "काका, फळाच्या ज्यूससोबत घेऊ नोका, असर कमी होते."

कमी?

टर्फेनाडीनसोबत ग्रेपफ्रूटचा, त्या पपनसासारख्या फळाचा ज्यूस घेतला तर ती रक्तात वाढते, असं तूच शिकवलं होतंस. मग हिच्या बाबतीत उलटं कसं?

तुझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला फोन केला तर लगेच सांगेल. मोबाईलही सांगेल.

मी कोणालाच विचारलं नाही. मला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय.

आजच्या दिवशी लोक श्रद्धांजली लिहितात. मी शंका लिहून ठेवतोय, मॅडम.

भेटू तेव्हा समजावून सांग.