ओला दगड

लोकांच्या पोटात शेजाऱ्याच्या गाडीमुळे दुखतं, बंगल्यामुळे दुखतं. माझ्या पोटात दुखलं ते एका बेंच ग्राइंडरमुळे. आणि तो ग्राइंडर निवडून दिला होता मीच.

फौजेच्या वर्कशॉपमध्ये मी जवानांना फिटरचं काम शिकवायचो, म्हणून सगळे मला उस्ताद म्हणत. निवृत्त झाल्यावर साताऱ्याकडे परतलो नाही. मुलांच्या शाळा इथं दिल्लीकडे, बायकोचं हळदीकुंकवाचं मंडळ इथं. फरीदाबादला एका गाळ्यात दुकान टाकलं आणि चेनसॉच्या, म्हणजे झाडं कापायच्या यांत्रिक करवतीच्या, चेनला धार लावून द्यायला लागलो. परदेशी चेनसॉ तेव्हा नुकत्याच बाजारात सहज मिळायला लागल्या होत्या. गुडगावच्या बाजूला शेतं विकली जाऊन सेक्टर पडत होते, फार्महाउसं उठत होती, आणि त्यासाठी कीकर, म्हणजे आपली बाभूळ, आणि निलगिरीची झाडं रोज आडवी होत होती. कीकरचं लाकूड चिवट. चेन दोन दिवसांत बोथट व्हायची आणि माझ्याकडे यायची.

माझं काम हाताचं. गोल कानस घ्यायची, चेन शिकंज्यात धरायची, आणि एकेका दाताला मोजून तीन हात मारायचे. निम्मे दात डावीकडे तोंड करून असतात, निम्मे उजवीकडे. एकही लहानमोठा राहिला तर करवत लाकडात तिरकी पळते. माझ्या चेनी कधी तिरक्या पळाल्या नाहीत. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

मग माझा एक चेला निवृत्त होऊन आला. आपल्याच मुलखातला, माझ्या हाताखाली शिकलेला, वयानं बराच लहान. त्यानं गुडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान घेतलं आणि सरळ माझ्याकडे आला. "उस्ताद, मी पण चेनचंच काम करणार आहे. पण मशीनवर. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच सांगायचं."

जुन्या दिल्लीतल्या मशिनरीच्या बाजारात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं पुढे केला तो नेहमीचा बेंच ग्राइंडर, दोन्ही बाजूंना जाड दगड असलेला. चेल्याला तो आवडला, कारण वजनदार होता. मी म्हटलं, "हा छिन्नी-पटाशीला. चेनच्या दोन दातांमध्ये हा दगड शिरणार तरी कसा?" मग आतून दुसरा काढायला लावला. पातळ दगड, दोन्हीकडे कलणारं डोकं, आणि एकेक दात पकडून ठेवणारा शिकंजा. दगड उतरवून मी शाफ्टला बोट लावून हलवून पाहिलं. पहिल्याचा शाफ्ट किंचित खेळत होता, तो परत केला. दुसऱ्याचा घट्ट होता. दगडावरचं झाकण जाड पत्र्याचं आहे ना, तसाच सुटा दगड पुढे मिळेल ना, हे सगळं मीच विचारलं. चेला वहीत लिहून घेत होता.

बसमधून येताना मी त्याला बाकीचं सांगितलं. दात नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की तो निळा पडतो, आणि निळा पडलेला दात मेला. सगळे दात सर्वांत आखूड दाताच्या मापाला आणायचे. दातापुढची खुंटीही तेवढी उतरवायची, नाहीतर धार असून चेन लाकूड खात नाही. दगड गुळगुळीत झाला की ड्रेसरनं त्याचं तोंड पुन्हा खरखरीत करायचं. नवा दगड दोरीला टांगून लाकडी मुठीनं वाजवायचा. खणखणीत वाजला तर चढवायचा, भद्द वाजला तर फेकायचा. खोकं त्याच्या मांडीवर होतं आणि बोलत मी होतो. घर येईपर्यंत माझा आवाज उतरला. हे मी स्वतःसाठी का घेतलं नाही, हा प्रश्न मला फरीदाबादच्या स्टॉपवर उतरताना पडला. त्याचं उत्तर मला माहीत होतं. हाताची धार ती हाताची, असं मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की आता मशीन आणायची चोरी झाली होती.

वर्षभरात त्याचं दुकान चालायला लागलं. वीज जायची म्हणून त्यानं जनरेटर घेतला, मग फोन घेतला. माझी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. त्याच्या धारेच्या चेनी कुणी दाखवल्या की मी भिंग लावून बघायचो. एखादा निळा दात सापडावा अशी माझी फार इच्छा असायची. सापडला नाही. त्याला शिकवताना मी काहीच हातचं राखलं नव्हतं, आणि आता तेच माझ्या मुळावर आलं होतं.

बायको हसायची. "अहो, तुम्हाला त्या मशीनचा सवतीमत्सर झालाय." मी तिच्यावर ओरडायचो. ती भाजी निवडायला घ्यायची.

खंडेनवमीला त्यानं फोन करून शेजारच्या दुकानात निरोप ठेवला. पूजेला उस्तादच हवेत. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची, ही रीत त्यानं गुडगावातही सोडली नव्हती. मी स्कूटर काढून गेलो. त्याच्या दुकानाचा रंग नवा होता. ग्राइंडर मधोमध पाटावर मांडला होता, पुसून लख्ख केलेला, झाकणावर झेंडूची माळ. जनावरासारखं राबवूनही मशीन असं राखलं होतं की माझ्या फौजेतल्या वर्कशॉपला शोभलं असतं.

तिथं एक ठेकेदार बसला होता. हरियाणातला, झाडं तोडण्याची कामं घेणारा, पूर्वी माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मला बघून तो मनापासून म्हणाला, "उस्ताद जी, अब आप भी मशीन ले लो. हाथ का ज़माना गया." त्याच्या मनात काही नव्हतं. पण चेल्याला वाटलं आपण सावरून घ्यावं. तो हळूच मराठीत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही इथंच या ना. माझ्याबरोबर दुकानात बसा. हात कशाला झिजवता आता?"

तळपायाची आग मस्तकात गेली. दया, आणि ती माझ्याच चेल्याकडून. मी हसलो, बघू म्हणालो, आणि पूजेला बसलो. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. नारळ फोडला. रीत अशी की नारळाचं पाणी हत्यारांवर शिंपडायचं. त्यातले चार थेंब मी पाटाजवळ मांडलेल्या कानशींवर शिंपडले. चेला हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालून उभा होता. ठेकेदार बुटांची नाडी सोडत होता. मी करवंटी झाकणाच्या फटीवर धरली आणि उरलेलं सगळं पाणी सावकाश दगडावर ओतलं.

धार लावायचा दगड पाणी पितो. पाणी पिऊन तो रात्रभर उभा राहिला की पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरतं आणि दगड एका बाजूला जड होतो. सकाळी बटण दाबलं की तो थरथरतो. पातळ दगड अशा वेळी फुटूही शकतो, आणि फुटला तर तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात. हे मला माहीत होतं. ओततानाही माहीत होतं. हात चुकला असं मी आजवर स्वतःला सांगू शकलेलो नाही.

प्रसाद खाऊन घरी आलो. मशीन बिघडावं, ठेकेदारासमोर त्याची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं, असं मी मनाला समजावत राहिलो. पण पहाटे डोळे उघडले तेव्हा डोळ्यांपुढे मशीन नव्हतं, त्याचा चेहरा होता. त्याला चष्मा लावून काम करायची सवय होती की नव्हती, तेच आठवेना. कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ उघडताच तिथं गेलो. दुकानाचा फोन नुसता वाजत राहिला. बूथवाल्यानं दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, त्याही मी घेतल्या नाहीत.

स्कूटरला लाथ मारली आणि डोंगरातल्या रस्त्यानं गुडगावकडे सुटलो. दोन्ही बाजूंना कीकरचं रान. मुहूर्त सकाळचाच होता, तो थांबणार नव्हता. वाटेत एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रावणाची दहा तोंडं आडवी ठेवून निघाले होते आणि सगळा रस्ता त्यांनी अडवला होता. मी हॉर्न वाजवत राहिलो. ट्रॉलीतला एक जण म्हणाला, "अरे अंकल, आज तो छुट्टी है." मी रस्त्याकडेच्या मातीत उतरून स्कूटर पुढे काढली. काय सांगायचं ते ठरवत होतो. चुकून ओतलं गेलं म्हणायचं की खरं सांगायचं? खरंच सांगायचं ठरवलं. त्याचे डोळे धड असले तर त्याच्या तोंडावर खरं सांगायचं.

शटर वर होतं. आतून ग्राइंडरचा आवाज येत होता. स्कूटर स्टँडवर न लावताच मी आत शिरलो. ती मागे पडली.

चेला मशीनसमोर नव्हता, बाजूला उभा होता. चष्मा लावलेला. मशीन नुसतं फिरत होतं, थरथर अजिबात नव्हती. त्यानं बटण बंद केलं आणि भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला दोरीनं एक दगड टांगला होता, खालचा भाग ओला, गडद. मशीनवर नवा दगड होता.

"फोन वाजत होता, पण मशीन चालू होतं," तो म्हणाला. मग हसला. "पास ना, उस्ताद?"

मला कळेना. तो म्हणाला, "ट्रेनिंगला तुम्ही असंच करायचात. रात्री एखाद्या मशीनमध्ये मुद्दाम खोट करून ठेवायचात आणि सकाळी आम्हाला शोधायला लावायचात. काल मी एक डोळा उघडून बघितलं. तुम्ही पूर्ण करवंटी दगडावर ओतली. म्हटलं, उस्तादांचा हात चुकणार नाही. ही परीक्षाच आहे."

सांगायचं ठरवलेलं सगळं ओठांवर होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, एकोणीस वर्षांचा रंगरूट होता तेव्हा बघायचा तसाच.

"पास," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. पाय मागे घ्यावेत असं मला फार वाटलं. पण घेतले असते तर त्यानं कारण विचारलं असतं.