आप्पामामांचा माउस

त्या सकाळी साताऱ्यात मी नेहमीसारखी मामांच्या सांगलीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडले गेले. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, करायच्या होत्या. मामांचा फोन आला नव्हता, म्हणून थांबले होते, तर पडद्यावर कुणीतरी कोरी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर उमटू लागलं. ‘ताई, आप्पा गेले. फोन करवत नाही.’ मामेभाऊ सन्मती लिहीत होता. मी ‘येते’ एवढंच खाली लिहिलं...

आप्पामामा मार्केट यार्डातले हळदीचे अडते. हळकुंड मोडून आतला रंग बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मी देवळातही पाहिलं नाही. दुकानात पट्टीचं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा ते स्वतः हौसेनं शिकले. मी हिशेबाचंच काम करते, म्हणून महिनाअखेरीला घरबसल्या त्यांच्या पडद्यावर जाऊन कर भरायची. एकदा पाहिलं, त्यांचा बाण थरथरतोय. म्हटलं, “मामा, माउस खराब झालाय, बदला.” त्यांनी बदलला. नवाही थरथरला. मी हसून म्हटलं, “दुकानदारानं फसवलं तुम्हाला.” पलीकडून हळूच आवाज आला, “माउस न्हाई गं सुजे... हात.”

कंपवात होता. घरात माहीत होतं, यार्डात नव्हतं. हातातून हळकुंड निसटेल म्हणून त्यांनी लिलावाच्या सौद्याला जाणं सोडलं. लग्नाकार्यात उपास सांगून पंगत टाळू लागले. पण शेतकऱ्यासमोर बसून पट्टी करायची, हे त्यांना सोडवेना. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. बाण थरथरू नये म्हणून माउसची वायर मागून काढून ठेवायची, हात नुसता त्यावर दाबून धरायचा. फोन चालू ठेवून ते नाव, वजन मोठ्यानं म्हणायचे आणि बाण साताऱ्यातून मी हलवायची. लोकांना वाटे, आप्पा या वयातही काय सराईत चालवतात! कुणी तसं बोलून दाखवलं की मामा घाईनं पुढचं वजन म्हणायचे. इकडे मलाही कानकोंडं व्हायचं.

एका दुपारी आमच्याकडची वीज गेली आणि जोडणी तुटली. फोन मात्र चालू होता. तिकडे पट्टीसाठी एक वयस्क शेतकरी बसले होते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. “आप्पा, बाण थांबला की वं,” ते म्हणाले. मामा म्हणाले, “हां, चालंल आता.” शेजारचा तरुण व्यापारी मदतीला वाकला असावा. त्याचा आवाज आला, “आवं, वायरच लावली न्हाई! मग मगाधरनं हलवताय काय?” दोघंतिघं हसले. मी फोन ठेवायला हवा होता, ठेवला नाही. मामांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “हात चालत न्हाई माझा. भाची चालवती, साताऱ्यातनं.”

हसणं थांबलं. सुभेदार म्हणाले, “मग त्यात लपवायचं काय, गड्या?” मामांनी फोन बंद केला.

पुढं बरेच दिवस ते दुकानात गेलेच नाहीत. मामी म्हणायच्या, “जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, भिताडाकडं तोंड करून पडत्यात.” आणि मग एक दिवस फोन आला, “जोड.” त्यांनी आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. “ही माझी भाची. पट्टी ही करती, मी नुसता सांगतो.” तेव्हापासून शेतकरी मलाच विचारू लागले, “ताई, जेवला का? पाऊस हाय का तिकडं?” मला वाटलं, मामा मोकळे झाले. सुटले एकदाचे.

दिवसकार्य उरकल्यावर सन्मतीनं मला दुकानात नेलं. इतकी वर्षं त्या पडद्यावर वावरले, पण त्याच्यासमोर कधी बसले नव्हते. मामांच्या खुर्चीत बसले आणि टेबलाखाली हात गेला, तर काहीतरी लागलं. पोत्याच्या सुतळीचा पेड, फासासारखा, टेबलाच्या पायाला घट्ट बांधलेला. मनगट जाईल एवढा. आतून घासून गुळगुळीत झालेला... ‘मी नुसता सांगतो’ म्हणताना मामांचा थरथरता हात इथं बांधलेला असायचा.

सन्मती बाहेर हमालांशी बोलत होता. मी त्या फासात हात घालून बघितला. सुतळी मनगटाला आवळून बसली. तेवढ्यात पायरीवर कुणाची तरी चप्पल वाजली आणि मी झटकन हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.