साठ रिकाम्या पत्रावळी आणि तांदळातला फोन

आधीच सांगून ठेवते — भूत, भविष्य, नवस, चमत्कार यांतलं मी काहीही मानत नाही. नुसतं मानत नाही असं नाही, त्याविरुद्ध पत्रकं काढते. आमचे बाबा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर स्वतः छापलेली पत्रकं वाटतात. बाकीची मुलं पाटीवर अक्षरं शिकली, मी 'बुवाबाजीपासून सावध!' या मथळ्यावर शिकले. तेव्हा खालचा प्रसंग लिहिताना मला किती लाज वाटते आहे, ते समजून घ्या...

सुमनमावशी माझ्या आईची सख्खी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न केलं आणि त्यांचा धर्मही मनापासून स्वीकारला. काका वारले, मावशी रिटायर झाली. आता साकोली तालुक्यातल्या एकोडीत राहते. गाव अजूनही तिला सिस्टरबाईच म्हणतं.

मागच्या नोव्हेंबरात तिच्या मुलीचा, रूथचा, साखरपुडा होता. नागपूरहून साठ माणसं दुपारच्या जेवणाला येणार होती. मुलाची आई आधीच बोलून गेली होती — "घरात पुरुषमाणूस नाही, पाहुणचार झेपेल का तुम्हाला?" त्या दिवसापासून रूथ नीट झोपली नव्हती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. जेवणात फजिती झाली तर त्याच्या आईला नकाराचं आयतंच निमित्त मिळणार होतं.

मी आदल्या दिवशी मदतीला गेले आणि संध्याकाळी बादली भरताना माझा फोन हौदात पडला. बंदच झाला. मावशीने तो पुसून तांदळाच्या डब्यात खुपसला. विज्ञानवादी मुलीने फोन तांदळात ठेवावा का, हा वेगळा विषय. ठेवला.

सकाळी साडेनऊला आचाऱ्याचा मावशीला फोन — "सिस्टरबाई, माफी करजा. माह्याकडचे सारे पोरं धान कापाले गेले. एकटा कसा करू मी?"

कापणीच्या दिवसांत आमच्याकडे माणूस मिळणं म्हणजे काय, ते झाडीपट्टीतल्या वाचकांना सांगायला नको. रूथच्या फोनवरून मी साकोलीतल्या चार आचाऱ्यांना विचारलं. चौघांचं एकच उत्तर. घरी रांधावं, तर मोठी भांडी आचाऱ्याचीच यायची होती. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं दहा माणसांचं! रूथ रडायला लागली.

मावशी डोळे मिटून पाच मिनिटं प्रार्थना करत बसली. मग उठली आणि म्हणाली, "चाल, पत्रावळी मांड."

"कशासाठी?"

"जेवाले."

"काय जेवायला, मावशी?"

"थे त्याचं काम आहे. पानं मांडनं आपलं."

मग मी तिला अर्धा तास भाषण दिलं. श्रद्धा माणसाला हात जोडून बसवते, नियोजनाला पर्याय नाही वगैरे. माझ्या एका पत्रकातला अख्खा परिच्छेद मला पाठ होता, तोही ऐकवला. मावशी मांडवात सतरंज्या अंथरत होती. परिच्छेद संपल्यावर म्हणाली, "झालं? आता मीठ वाढ."

वाचकहो, मी साठ रिकाम्या पत्रावळींवर मीठ वाढलं आहे! वर लिंबाची फोड. वारा सुटला आणि पानं उडायला लागली, म्हणून प्रत्येकीवर एकेक दगडही ठेवला. तेव्हा माझं लक्ष मावशीकडे गेलं. मोजलेली पानं ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

"मावशी, भीती वाटतेय ना तुला?"

"वाटते ना. काहून नाही वाटनार? म्हनून तं मांडून राहिली." मग जरा थांबून — "न मांडता भेली असती तं त्याले काय वाटलं असतं?"

साडेबाराला नागपूरची बस आली. मुलाच्या आईने मांडवात पाऊल टाकलं आणि पंगतीकडे बघतच राहिली. "हे... दगड आहेत?"

"वाऱ्यासाठी," मी म्हणाले.

"आणि जेवण?"

"बसा तर खरं," मावशी आभाळाकडे बोट दाखवून म्हणाली. "लेकरापुढं धोंडा ठेवनारा बाप नाही माहा."

साठ माणसं दगडांसमोर बसली. मावशीने प्रार्थना सुरू केली आणि समोर नसलेल्या अन्नाबद्दल पदार्थांची नावं घेऊन आभार मानले. भातासाठी, वरणासाठी, वांग्याच्या भाजीसाठी... रूथने ओढणी तोंडात कोंबली होती. मी एक डोळा उघडून मुलाच्या आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही उघडे होते.

'आमेन' म्हणायच्या आत हॉर्न वाजला.

एक पिकअप गाडी थेट मांडवापाशी येऊन थांबली. घामाघूम झालेला माणूस उतरला आणि ओरडला, "सिस्टरबाईचं घर हेच ना? तिकडं दूर आसगाववरून येऊन राहिलो! पत्ता सांगाची काही पद्धत असते का नाही?"

मागे पातेली होती. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. आणि एक वेगळा डबा. "हे बिनमिरचीची भाजी. एका म्हाताऱ्या मानसासाठी सांगतली होती."

मुलाची आई उठून उभी राहिली. "आमच्या बाबांना तिखट चालत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला पाठवलं कोणी?" मी त्याला विचारलं.

आवाज ऐकून तो माझ्याकडे वळला. "ह्याच मॅडमनं! हाच आवाज. आमच्या गावचा एक कार्यक्रम सकाळीच रद्द झाला, भात चुलीवर, मी डोक्याले हात लावून बसलो, तं हिचा फोन. आर्डर दिली थे दिली, वरून मलेच लेक्चर! पोरांची मजुरी रोजच्या रोज देता का, त्यांले पयले जेवाले घालता का... मी म्हनलो, बाई, तू गिऱ्हाईक हायस का लेबर इन्स्पेक्टर?"

सगळा मांडव माझ्याकडे बघून हसला. मला ओळखणाऱ्या एकाही माणसाच्या मनात शंका उरली नाही.

त्याने फोन दाखवला. नंबर माझाच. दहा वाजायच्या सुमाराचा कॉल, चार मिनिटांचा. त्या वेळी मी मावशीला भाषण देत होते! मी धावत आत गेले, तांदळात हात घातला. फोन तिथेच होता, बंद. पुढे साकोलीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि बोर्ड जळाला म्हणून परत दिला. त्या आसगावच्या आचाऱ्याचं नावसुद्धा मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्याचे पैसे मावशीने रीतसर दिले, त्यात काही गूढ नाही.

रूथचं लग्न झालं. सासू तिला माझं उदाहरण देते — "केलं आणि बोलून दाखवलं नाही, याला म्हणतात संस्कार."

बाबांना सांगितलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "सोपं आहे. फोन तूच केलास. ताणाखाली माणूस विसरतो." म्हणजे विज्ञानाच्या मते मीच, सासूच्या मते मीच. मावशीच्या चर्चच्या मंडळीने मला चमत्काराची साक्ष द्यायला उभं केलं. मी तत्त्वाची माणूस, खोटं कसं बोलणार? मी ठणकावून सांगितलं, "मी फोन केलेला नाही!" सगळे एका सुरात म्हणाले — आमेन.

ज्या एकमेव व्यक्तीला पक्कं माहीत आहे की तो फोन मी केला नाही, ती नेमकी चमत्कार न मानणारी निघावी, हा माझ्यावरचा अन्याय आहे.

शेवटी मी मावशीलाच विचारलं, "खरं सांग, तुला काय वाटतं? कोणी केला?"

"ज्याले मी सांगतलं होतं त्यानं."

"पण मग माझ्या आवाजात कशाला?"

मावशी शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घाई होती ना, बापा. गोड आवाजात सांगतलं असतं तं थो मानूस अडीच तासांत आसगाववरून आला असता का?"

यावर कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा... फक्त 'तूच केला असशील' हे सोडून. ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.