मामांची पाहणी

सरकारने या देशात जेवढी महामंडळं काढली, त्या सगळ्यांवर नजर ठेवायला आमच्या चाळीतले तळमजल्यावरचे मामा एकटे पुरेसे होते. सरकारने त्यांना नेमलं नव्हतं, एवढीच काय ती त्रुटी. संपाआधी ते गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. संपानंतर गिरणी बंद पडली, एका सरकारी महामंडळाच्या ताब्यात गेली, आणि दर वर्षीच्या अहवालात एकच वाक्य येऊ लागलं : 'यंत्रे सुस्थितीत असून गिरणी लवकरच सुरू होईल.' त्या वाक्यावर आमची अर्धी चाळ जगत होती. मामी तर मामांच्या खाकी कपड्यांना दर दिवाळीला ऊन दाखवायची.

मामांना मात्र वाक्य पुरत नसे. "वाचलंय मी. आता माका बघूक व्होया," ते म्हणत. हा बाणा घरातही. मामीने डाळ शिजली म्हटलं की झाकण उघडून दाणा चेपून बघायचे. गणपतीचा मंडप पक्का बांधलाय असं पोरांनी सांगितलं, तेव्हा मामा स्वतः खांबाला लोंबकळले. मंडप खाली आला. "गणपती येवच्या आधी मी इलंय, म्हणान बरा," धुळीतून उठत ते म्हणाले.

महामंडळाच्या कचेरीत ते दर सोमवारी बाकावर जाऊन बसत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना ओठांवरून बोलणं कळायचं. काचेपलीकडचे साहेब काय कुजबुजतात ते मामा अलीकडे मोठ्याने सांगत. "आता म्हणतायत, म्हातारा परत आला. म्हणतायत, साहेब दौऱ्यावर आहेत असं सांग." पुढे पुढे साहेब तोंडासमोर फाईल धरून बोलू लागले. गिरणी पाहू द्या, असे अर्ज मी लिहायचो. संपाची पत्रकं वाचत वाढलेला मी, त्यात 'निर्लज्ज', 'जनद्रोही' असे शब्द पेरायचो. मामा एकेक खोडायला लावत. "शिवी दिलीस की ते शिवीला उत्तर देतात, झिला. प्रश्न तसोच रवता."

अखेर कितव्यातरी अर्जाला पाहणीची परवानगी मिळाली. अहवालावर कामगारांच्या वतीने मामांची सही होणार होती. सोबत मी गेलो, आणि महामंडळाचे साहेबही आले. विणकामाच्या शेडचं दार उघडलं. छताच्या काचांतून ऊन सावकाश उतरत होतं, त्यात कबुतरांची पिसं तरंगत होती, आणि खाली जमीन. नुसती जमीन. मागांच्या जागी तेलाचे काळे चौकोन. माग कोणी नेले, कधी नेले, मी विचारत राहिलो. साहेब शेडमधून सरळ आडवे निघाले.

"साहेब! मागातून काय चालता? गल्ली इकडे आहे!" मामा ओरडले. आणि स्वतः त्या नसलेल्या मागांमधल्या अरुंद वाटेने, अंग चोरून, चालू लागले. मध्येच हात लांबवून हवेत काहीतरी चाचपत.

साहेबांनी आधीच टाईप केलेला कागद पुढे धरला. 'यंत्रे सुस्थितीत.' "करा सही, मामा," ते हळू, खरं तर मायेनंच म्हणाले. "तुम्ही 'नाहीत' लिहिलंत तर गिरणी कायमची संपली. चाळीत काय सांगाल?"

मी भडकून काही बोलणार, तोच मामांनी माझं पेन मागितलं. मग ते वाक्य खोडून त्यांनी खाली लिहिलं, 'यंत्रे नाहीत. मी स्वतः पाहिले.' सही केली आणि पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

आम्ही निघालो. मामा पुढे, गल्लीगल्लीतून वळत. साहेब क्षणभर त्या मोकळ्या जमिनीकडे बघत थांबले. मग तेही काळे चौकोन चुकवत, आमच्या पाठोपाठ, अंग चोरून आले.